तुआमोतूची कंकणद्वीपं: रंगिरोआ आणि फाकारावाची सहल कोणत्या क्रमाने आखायची

"हॉटेल ठरलं, विमान ठरलं, आता तिथे पाण्यात कधी उतरायचं ते सांग." तुआमोतूला निघालेल्या ओळखीच्या मंडळींचा फोन बहुतेक वेळा या वाक्याने सुरू होतो. तोवर उशीर झालेला असतो. पाण्यात कधी उतरायचं हा तिथला पहिला प्रश्न आहे. मुक्काम किती रात्रींचा आणि विमान कोणत्या दिवसाचं, हे त्याच्या उत्तरावरून ठरवायचं असतं.

तुआमोतू हा फ्रेंच पॉलिनेशियातला, ताहितीच्या ईशान्येकडे आणि पूर्वेकडे पसरलेला जवळजवळ ८० कंकणद्वीपांचा समूह. इथे डोंगर नाही, नदी नाही. प्रवाळाचं भलंमोठं कडं, त्यावर नारळाची चिंचोळी बेटं, आत लगून, म्हणजे कड्याने वेढलेलं पाणी, आणि बाहेर लगेच खोल महासागर. कड्यावरच्या बेटाला तिथे 'मोतू' म्हणतात, दोन मोतूंमधल्या उथळ ओहोळाला 'होआ' आणि कड्यातल्या खोल वाटेला 'पास'. बोटी आणि मासे पासमधूनच ये-जा करतात, लगूनचं बहुतेक पाणीही तिथूनच बाहेर पडतं. हे तीन शब्द पाठ करूनच पुढे वाचा.

खालचा क्रम रंगिरोआ आणि फाकारावा या दोन कंकणद्वीपांसाठी आहे. पोहता येणाऱ्या आणि स्वतः आखून जाणाऱ्या माणसासाठी तो लिहिला आहे.

## टप्पा १: महिना आणि रात्रींची संख्या

मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा आणि पाऊस, चक्रीवादळाचा धोकाही याच महिन्यांत. पण कोरड्या काळातही जून ते ऑगस्ट आग्नेयेकडून 'माराआमू' नावाचा जोरदार वारा सुटतो. तो तीन-चार दिवस टिकला की लगूनमध्येही बोटी निघत नाहीत. डायव्हिंग न करणाऱ्यांनी मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा असं माझं स्पष्ट मत आहे. डायव्हर असाल तर गोष्ट वेगळी. जून-जुलैच्या पौर्णिमेच्या आसपास फाकारावाच्या दक्षिणेकडच्या तुमाकोहुआ पासमध्ये हेकरूच्या जातीचे मासे अंडी घालायला हजारोंनी जमतात आणि त्यांच्या मागे शेकडो शार्क असतात. त्या आठवड्यातल्या खोल्या फार आधी भरतात.

प्रत्येक कंकणद्वीपावर किमान चार रात्री ठेवा. दोन रात्रींचा बेत जवळजवळ हमखास फसतो. एक दिवस वाऱ्यात जातो, रविवारी सगळं गाव चर्चमध्ये आणि दुकानं बंद असतात, आणि एखाद्या दिवशी पासचा प्रवाह तुमच्या सोयीच्या वेळी उलटा असतो.

## टप्पा २: वाट आणि व्हिसा

इथली सर्वांत महाग चूक म्हणजे शेंगेन व्हिसा हातात आहे म्हणून निश्चिंत राहणं. फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाही. भारतीय पासपोर्टवर जाताना व्हिसावर फ्रेंच पॉलिनेशियासाठी वैध असल्याचा वेगळा उल्लेख लागतो. अर्ज भरतानाच तो प्रदेश निवडा.

दुसरी चूक वाटेतल्या देशाची. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो. न्यूझीलंडमार्गे जाताना ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघा. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घेतलं आणि मग वाटेतल्या व्हिसाची मुलाखत दोन महिन्यांनी मिळाली, असं होऊ देऊ नका.

तिसरी चूक तारखेची, आणि ती शिकलेसवरलेले लोकही करतात. ताहिती भारताच्या साडेपंधरा तास मागे आहे आणि ऑकलंडहून तिथे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते. न्यूझीलंडच्या हिवाळ्यात ऑकलंडहून शनिवारी दुपारी ४ ला निघालात, तर पाच तासांच्या प्रवासानंतर ताहितीवरच्या पापीते शहरात तुम्ही शुक्रवारी रात्री ११ ला उतरता. खोली शनिवारची घेतलेली असते आणि शुक्रवारची रात्र विमानतळाच्या बाकावर जाते.

तपासा: तिकिटावर छापलेली पोहोचण्याची तारीख आणि पापीतेच्या पहिल्या रात्रीच्या आरक्षणाची तारीख शेजारी-शेजारी ठेवून वाचा.

## टप्पा ३: बेटांची विमानं आधी, मुक्काम नंतर

ताहितीहून दोन्ही कंकणद्वीपांवर छोटी एटीआर विमानं जातात. प्रवास तासा-सव्वा तासाचा. मात्र या दोन बेटांमधली थेट विमानं तुम्हाला हव्या त्या वारी असतीलच असं नाही, म्हणून आधी त्यांचे वार बघा, त्यावर मुक्काम बसवा आणि आंतरराष्ट्रीय तिकीट त्यानंतर पक्कं करा. अनेक बेटांचं एकत्र तिकीटही मिळतं. सुट्या तिकिटांची बेरीज करून ते स्वस्त पडतं का ते पाहा. सामानाची मर्यादा वाचून ठेवा, कारण आंतरराष्ट्रीय विमानातली मोठी बॅग इथे चालेलच असं नाही. मालवाहू बोटी येतात, पण त्या सुक्या खोबऱ्याच्या आणि किराण्याच्या वेळेनुसार चालतात. त्यांच्या भरवशावर परतीचं विमान ठेवू नका.

क्रम असा: ताहिती, रंगिरोआ, फाकारावा आणि पुन्हा ताहितीत किमान एक पूर्ण दिवस-रात्र. रंगिरोआ आधी, कारण सरावाला शांत जागा तिथे गावाजवळ मिळते. फाकारावाचा दक्षिण पास रोतोआवा गावापासून बोटीने दीड-दोन तासांवर आहे. तिथे नवशिक्याने पहिल्याच दिवशी जाण्यात अर्थ नाही.

राहायला घरगुती 'पाँसियों' घ्या. सकाळ-रात्रीचं जेवण त्यातच असतं आणि विमानतळावर घ्यायला माणूस येतो. आणखी एक मोठा फायदा म्हणजे यजमानाला आजचा प्रवाह माहीत असतो.

शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच कळवा: "सां व्यांद, सां प्वासाँ", म्हणजे मांस नको, मासे नकोत. प्रवाळाच्या वाळूत भाजी फारशी पिकत नाही. ती बोटीने किंवा विमानाने येते आणि बोट लांबली की संपते. भात, पाव, अंडी, नारळ मिळतील. सोबत बंद पाकिटातलं मेतकूट, भाजणी, खाकरे, तयार खिचडी न्या आणि विमानतळावर ते जाहीर करा. बिया, ताजी फळं आणि भाज्या अजिबात नेऊ नका.

## टप्पा ४: घरी करायची तयारी

मालवणात प्रशिक्षकाने हात धरून पाण्याखाली नेलं, फोटो काढला, म्हणजे डायव्हिंग येतं असं नाही. पासमध्ये तुमचा हात धरायला कोणी नसतं. जायच्या दोन-तीन महिने आधी तरणतलावात एवढं तरी जमवा:

१. न थांबता २०० मीटर पोहणं, वेग कितीही असो.
२. मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोकं वर न काढता नाकाने फुंकून ते काढणं.
३. स्नॉर्केलच्या नळीतलं पाणी एका जोरदार फुंकरीत बाहेर टाकणं.
४. पाय न टेकता दहा मिनिटं तरंगणं, पायात वल्ह्यासारखे फिन घालून आणि फिनशिवाय.

पूर्ण डायव्हिंग कोर्स करायचा असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे. प्रशस्तिपत्र घरी घ्या आणि समुद्राचा अनुभव तिथे वाढवा. मात्र नवं प्रशस्तिपत्र घेऊन रंगिरोआच्या तिपुता किंवा फाकारावाच्या उत्तरेकडच्या गारुआए पासमध्ये पहिलीच डुबकी मागू नका. चांगला डायव्ह मास्टर नाहीच म्हणेल.

मास्क स्वतःचा न्या. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर बसतो. मिशा असतील तर वरच्या ओठापाशी हमखास पाणी शिरतं. तिथे थोडं व्हॅसलीन लावा किंवा दोन आठवडे मिशांना रजा द्या.

बाकी यादी छोटी आहे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, जाड तळव्याचे पाण्यातले बूट, शिट्टी, टॉर्च, पाणी न शिरणारी पिशवी, जंतुनाशक, डासांचं मलम. चलन सीएफपी फ्रँक, १ युरोला ११९.३३ असा बांधलेला दर. युरो न्या आणि पापीतेतच पुरेशी रोकड बदलून घ्या, कारण कंकणद्वीपावरचं एटीएम बंद असलं की बहुतेक वेळा दुसरा उपाय नसतो. प्रवास विम्यात डायव्हिंग आणि विमानाने हलवण्याचा खर्च आहे ना, ते वाचून पाहा. बेटांवर छोटे दवाखाने आहेत, गंभीर रुग्णाला ताहितीलाच न्यावं लागतं.

## टप्पा ५: पहिला दिवस काठावर

हा टप्पा लोक गाळतात. सामान टाकलं की थेट पाण्यात. तसं करू नका.

कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही, आणि नेमकी तीच ओळख इथे दगा देते. मुंबईला उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं. तुआमोतूत ते वीत-दीड वीत हलतं. तक्त्यातला आकडा पाहून आपल्याला वाटतं, एवढ्याशा पाण्याने काय होतंय! पण रंगिरोआचं लगून जवळजवळ ८० किलोमीटर लांब आहे. त्यातली वीतभर पातळी म्हणजे केवढं पाणी, आणि ते बाहेर पडणार कुठून, तर मुख्यतः तिपुता आणि आवातोरु या दोन पासमधून. तिथे प्रवाह ५ नॉटच्या वर सहज जातो. ५ नॉट म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. १०० मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम करणारासुद्धा याहून हळू पोहतो. म्हणून इथे भरती किती चढते ते बघत बसू नका. पाणी कोणत्या दिशेला आणि किती वाजता वळतं, ते बघा.

त्यातही दोन खोड्या आहेत. पहिली ही, की ताहितीचा भरतीचा तक्ता इथे चालत नाही. ताहितीला भरती रोज साधारण दुपारी आणि मध्यरात्री येते, कारण तिथे चंद्रापेक्षा सूर्याचं चालतं. तुआमोतूत वेळ रोज सरकते. दुसरी खोडी लाटांची. दक्षिणेकडून मोठ्या लाटा आल्या की त्या बुटक्या कड्यावरून आणि होआंतून लगूनमध्ये पाणी ओततात. ते सगळं पासमधूनच बाहेर निघायचं असतं, म्हणून बाहेर जाणारा प्रवाह तक्त्यापेक्षा जोरात आणि लांब चालतो. कधीकधी आत येणारा प्रवाह त्या दिवशी जवळजवळ नसतोच.

म्हणून पहिल्या संध्याकाळी तिपुता पासच्या काठावरच्या ओहोतू धक्क्यापाशी तासभर बसा आणि पाणी वाचा.

पाणी बाहेर जात असेल तर पासच्या तोंडाशी, जिथे ते समुद्राच्या लाटांना भिडतं, तिथे उभ्या पांढऱ्या लाटा दिसतात. जागच्या जागी उसळणाऱ्या, पुढे न सरकणाऱ्या. पाण्याचा रंग हिरवट, गढूळसर. याच वेळी डॉल्फिन त्या लाटांमध्ये उड्या मारतात. ते बघायची उत्तम वेळ हीच, आणि पाण्यात उतरण्याची सर्वांत वाईट वेळही हीच.

पाणी आत येत असेल तर तोंडाशी तुलनेने शांतता असते आणि खळबळ आतल्या बाजूला, लगूनच्या कडेला दिसते. पाणी गडद निळं, स्वच्छ.

मधला थोडा वेळ सगळं थबकतं. तिथले लोक त्याला 'एताल' म्हणतात, आत येणाऱ्या प्रवाहाला 'रांत्राँ' आणि बाहेर जाणाऱ्याला 'सोर्ताँ'. हे तीन शब्द यजमानाशी बोलताना वापरा, उत्तरं लगेच नेमकी मिळतात.

पहिल्या खेपेला आम्ही सावकाश न्याहारी करून दहाला धक्क्यावर गेलो. बोटवाल्याने पाण्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. प्रवाह तासाभरापूर्वी वळला होता. आमच्याकडे तो एकच दिवस होता.

तपासा: उद्याची 'रांत्राँ'ची वेळ आज रात्री जेवतानाच विचारली का? न्याहारी त्या वेळेप्रमाणे मागे-पुढे करायला सांगितली का?

## टप्पा ६: पासमधून वाहत जाणं

त्याआधी एक सकाळ तिपुता पासच्या आतल्या बाजूला असलेल्या नुही नुही मोतूच्या आडोशाला घालवा. तिथे प्रवाह कमी असतो, मासे भरपूर. मास्क, नळी, फिन यांची शेवटची परीक्षा इथे घ्या. इथे धाप लागली तर पासचा विचार सोडा आणि पुढचा टप्पा वाचा. तोही सुंदर आहे.

पासमधलं स्नॉर्केलिंग फक्त आत येणाऱ्या प्रवाहात. तो तुम्हाला लगूनमध्ये नेतो, बाहेर जाणारा उघड्या महासागरात.

१. बोट ठरवताना विचारा: आम्ही पाण्यात असताना चालक बोटीवरच राहून मागे येणार ना? एकच माणूस वाटाड्या आणि चालक असेल आणि तोही पाण्यात उतरणार असेल, तर नको म्हणा.
२. फिन आणि मास्क बोटीतच घाला. चालकाने इंजिन न्यूट्रलला टाकून इशारा दिल्याशिवाय कोणी उडी मारायची नाही.
३. इशारा आला की सगळ्यांनी पाठोपाठ उतरायचं. एक जण मास्क नीट करत अर्धा मिनिट थांबला की ७०-८० मीटरचं अंतर पडतं.
४. पाण्यात आल्यावर पोहायचं नाही, वाहायचं. हातपाय आखडून, पोटावर, कडेच्या प्रवाळाजवळ, पण त्याला न टेकता. खाली राखाडी शार्क संथपणे प्रवाहाला तोंड करून उभे दिसतील. त्यांच्याकडे झेपावू नका, पाणी बडवू नका.
५. थांबायचं असेल तर एक हात सरळ वर. बोट तुमच्याकडे येईल, तुम्ही बोटीकडे जायचं नाही.
६. फिन काढायचे ते शिडी एका हाताने पकडल्यावरच. आधी काढले की प्रवाह तुम्हाला शिडीपासून ओढून नेतो.

सावधान: चुकून बाहेर जाणाऱ्या प्रवाहात सापडलात तर उलट पोहू नका. पाच मिनिटांत दम संपतो आणि तुम्ही तिथल्या तिथेच असता. उताणे तरंगा, शिट्टी वाजवा, हात वर करा आणि जमेल तसं आडवं, कडेच्या दिशेने सरका.

डायव्हरांसाठी एकच गोष्ट, पण ती कोरून ठेवा. शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसेपर्यंत किमान १८ तास, शक्यतो २४. फाकारावाहून सकाळी विमान असेल तर आदल्या दिवशी दुपारची डुबकी नाही.

## टप्पा ७: लगूनमधली दिवसभराची सफर

रंगिरोआहून पश्चिमेकडच्या निळ्या लगूनला, म्हणजे कड्याच्या कुशीतल्या छोट्या लगूनला, जायला बोटीने साधारण तास लागतो. आग्नेय टोकाच्या गुलाबी वाळूला त्याहून जास्त. जाताना पाणी सपाट असतं, दुपारी वारा चढल्यावर परतताना लाटा अंगावर येतात. पाठीचं दुखणं असलेल्यांनी बोटीच्या मागच्या भागात बसावं. कॅमेरा पिशवीत हवा.

उथळ पाण्यात बूट घालून चला, पाय न उचलता वाळूवरून घासत. वाळूत पहुडलेला पाकट त्यामुळे आधीच निघून जातो. गुडघाभर पाण्यात काळ्या टोकाच्या पंखांचे लहान शार्क तुमच्याभोवती फिरतील. ते बुजरे असतात. जेवणाची सांडलवंड किंवा माशाचे तुकडे मात्र तुम्ही उभे आहात त्या पाण्यात टाकू नका आणि कोणाला टाकू देऊ नका.

प्रवाळावर उभं राहू नका. दगड वाटतो तो बहुधा जिवंत असतो, आणि एका टाचेखाली मोडतं ते भरून यायला वर्षं लागतात. मोतू रिकामं दिसलं तरी ते कुठल्या तरी कुटुंबाचं असतं. उतरण्याआधी बोटवाल्याला विचारा. नारळाखाली चादर अंथरायची नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

समुद्राकडच्या बाजूने कड्यावर चालताना लाटेकडे पाठ करू नका. ओहोटीला कोरडं दिसणारं कडं एका मोठ्या लाटेत कमरेएवढ्या पाण्याखाली जातं.

## टप्पा ८: अंगाला आणि पोटाला जपणं

लगूनमधल्या काही माशांत 'सिग्वातेरा' नावाचं विष साठतं. ते शिजवून, तळून, गोठवून जात नाही, चवीलाही कळत नाही. ओठांना मुंग्या आणि थंड वस्तूचा चटका लागल्यासारखं वाटणं ही त्याची खूण. स्वतः पकडलेला मासा यजमानाला दाखवल्याशिवाय खाऊ नका. ही जागा चांगली, ती वाईट, हे ते जागेसकट सांगतात. मोठे शिकारी मासे टाळा. ट्यूना आणि माहीमाही हे खुल्या समुद्रातले, त्यांना हा धोका सहसा नसतो.

प्रवाळाचं खरचटणं छोटं दिसतं आणि आठवडाभर चिघळतं. लगेच स्वच्छ पाण्याने, घासून, आतले कण निघेपर्यंत धुवा, मग जंतुनाशक. दगडमाशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. शंकूच्या आकाराचे देखणे शंख उचलू नका. त्यातला प्राणी जिवंत असेल तर त्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो.

पिण्याचं पाणी बहुधा छपरावरून साठवलेलं पावसाचं असतं. ते उकळून किंवा गाळून प्या आणि अंघोळीला बेताने वापरा. तुमच्या बादलीचं पाणी यजमानाच्या टाकीतून येतं आणि पुढचा पाऊस कधी पडेल ते त्यालाही ठाऊक नसतं.

## टप्पा ९: परतीची बांधाबांध

प्रवाळाचे तुकडे आणि मोठे शिंपले सामानात घालू नका, भारतात उतरल्यावर ते जप्त होऊ शकतात आणि प्रकरण दंडावर जाऊ शकतं. मोती घ्यायचा असेल तर मोत्यांच्या शेतावरून किंवा दुकानातून, पावतीसकट घ्या. मोती पांढऱ्या कापडावर ठेवून खिडकीच्या उजेडात हळूहळू गोल फिरवा, म्हणजे त्यावरच्या वळ्या आणि खड्डे दिसतात. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ते लपतात.

आणि तारखेकडे पुन्हा एकदा लक्ष द्या. जाताना जो दिवस तुम्हाला दोनदा मिळाला, तो ऑकलंडमार्गे परतताना वजा होतो. रविवारी सकाळी पापीतेहून निघालेला माणूस ऑकलंडला सोमवारी उतरतो. सोमवारी मुंबईत कामावर हजर व्हायचं असेल तर निघायचं शुक्रवारी.